फेरनिवडणूक आणि वरणभात

बुइटनव्हेल्डर्ट, अ‍ॅमस्टरडॅम
रविवार, २८ नोव्हेंबर २०२१

ती. कुमुदिनीआत्या,

सात हजार किलोमीटरांवरून, म्हणजे इथल्या सरकारने आखून दिलेल्या दीड मीटरांपेक्षा बरंच जास्त अंतर राखून, शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, तुझं ब्लडप्रेशर आणि गच्चीतली कृष्णकमळाची वेल या तिघांची तब्येत कशी आहे ते सविस्तर कळव. (वेलीचं आधी लिही. गुडघ्याबद्दल तू खरं सांगत नाहीस.) आम्ही तिघंही ठीक. मीनल आठवड्यातून तीन दिवस ट्रेनने युट्रेख्टला जाते, स्वानंदी आठ वर्षांची झाली, आणि मी वीस महिने झाले खिडकीशी बसून नोकरी करतोय. माझं खरं ऑफिस झुइडासच्या काचेच्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर आहे. आमच्या खिडकीतून ते दिसतं. त्याच्या काचांवरून ढग जाताना मी रोज बघतो आणि माझ्या रिकाम्या खुर्चीलाही ते दिसत असतील, असं वाटून बरं वाटतं.

मागे फोनवर तू विचारलंस तेव्हा 'पुन्हा निवडून आलो' एवढंच मी बोललो, आणि तू लगेच महिला मंडळात पेढे वाटलेस असं सरलाकाकूंकडून कळलं. पेढे खाणाऱ्यांना खरी हकीकत कळायला हवी, म्हणून हे पत्र. वाचून झालं की त्यांना दाखवायचं की नाही ते तू ठरव.

इथे प्रत्येक शाळेत एक मंडळ असतं. तीन पालक, तीन शिक्षक, मुदत दोन वर्षं. त्याचं डच नाव मी आजवर एका दमात उच्चारू शकलेलो नाही, सगळे एमआर म्हणतात. शाळेला मोठा बदल करायचा असेल तर या मंडळाला विचारावं लागतं. २०१९ साली दुसरं कोणी उभंच राहिलं नाही म्हणून मी बिनविरोध निवडून आलो, आणि सहा महिन्यांत साथ आली. मग सभा स्क्रीनवर. आत्या, स्क्रीनवरच्या सभेइतकं स्वप्नं बघायला सोयीचं ठिकाण जगात नाही. सहा चौकोनांत सहा चेहरे, डच भाषेची एका सुरातली गुरगुर, आणि खिडकीबाहेर कालव्याच्या काठी एका पायावर उभा राखी बगळा. तो बगळा अर्धा तास हलायचा नाही, मीही नाही. एकदा पडदा सारायला हात वर केला तर तो वाळूच्या नव्या हौदाला पाठिंबा म्हणून मोजला गेला. (हौद छान झाला आहे. मुलं मला मानतात.) दोन वर्षांत मी तीनदा बोललो. त्यातलं एक वाक्य 'तुमचा आवाज येत नाही' हे होतं.

तरीही मला पुन्हा निवडून यायचं होतं, आणि फार मनापासून यायचं होतं. कारण सांगतो. आमच्या शाळेची वेळ अजून जुनी आहे. बारा ते सव्वा एक सुट्टी, या वेळात मूल घरी जेवायला जाऊ शकतं. बहुतेक मुलं शाळेतच थांबून डबा खातात, पण स्वानंदी घरी यायची. मी सायकल घेऊन फाटकाशी जायचो, अंतर राखायला आखलेल्या खडूच्या गोलात उभा राहायचो, बारा दहाला आम्ही घरी. वरण, भात, लिंबाची फोड. फाटकापासून दारापर्यंत ती डचमधून बोलते, हात धुताना इंग्रजीतून, आणि पहिला घास पोटात गेला की मराठीतून. असं का होतं मला माहीत नाही. मला वाटतं तुपामुळे. दिवसभरात ती मराठी बोलते ते तेवढंच. ऑफिसच्या कॅलेंडरवर तो तास मी 'एस. सोबत बैठक' म्हणून अडवून ठेवला होता आणि माझ्या साहेबांचा समज होता की एस. हा कोणी भारी ग्राहक आहे. सगळी साथ मी त्या एका तासाच्या आधारावर काढली, आत्या, उगीच लपवत नाही. आणि नेमका तोच तास शाळेला काढून टाकायचा होता. सगळ्यांनी वर्गातच पंधरा मिनिटांत पाव खायचा, पंधरा मिनिटं खेळायचं आणि पाऊण तास आधी सुटायचं, असा प्रस्ताव नव्या मंडळापुढे येणार होता. शाळेच्या वेळेबाबत मत फक्त पालकांचं; त्यांच्यापैकी एक जण त्याच्या बाजूने होता, एक विरुद्ध. तिसरा मी. तो पाडायला मी तिथे असणं भाग होतं.

आता माझी चूक ऐक. मे महिन्यात शाळेच्या मुख्याध्यापिका मार्लूस यांची मेल आली. दोनच ओळी: तुमची मुदत संपते आहे, पुन्हा उभं राहायचं आहे का? आता तूच सांग, चांगल्या घरातला माणूस अशा मेलला 'हो' म्हणून उत्तर देईल का? तू एकोणीस वर्षं मंडळाची अध्यक्ष आहेस ती दर वर्षी 'यंदा मला वगळा बाई' म्हणूनच ना? मी तासभर खपून सुरेख पत्र लिहिलं. माझ्यापेक्षा लायक पालक पुष्कळ आहेत, गेल्या दोन वर्षांत माझ्या हातून विशेष काही घडलेलं नाही, माझं डचही यथातथाच, नव्या माणसाला संधी मिळावी हे उत्तम. पाठवलं आणि आग्रहाची वाट बघत बसलो. मनात पुढचं सगळं दिसत होतं. मार्लूसबाई फोन करतील, मी 'छे छे' म्हणेन, मग पालकांचं शिष्टमंडळ सायकलवरून येईल, मी चहा टाकेन, आणि त्यांनी अगदीच पाठ धरली म्हणून नाइलाजाने हो म्हणेन.

चौथ्या दिवशी दारात हायड्रेंजियाची कुंडी आली. सोबत कार्ड: दोन वर्षांच्या सेवेबद्दल आभार, तुमचा निर्णय आम्ही समजू शकतो.

मीनल जमिनीवर बसून हसली. मी कुंडी सायकलला अडकवून तसाच शाळेत गेलो. मार्लूसबाई अंगणात पालकांसाठी नवे गोल आखत होत्या. मी दीड मीटरांवरून सांगितलं की मला उभं राहायचं आहे. त्या म्हणाल्या, पण तुम्ही नाही म्हणालात. मी म्हणालो, हो, पण ते पहिलं नाही होतं. त्यांनी खडू खाली ठेवला आणि फार आस्थेने विचारलं की एकूण किती असतात. मी पाहुण्याने पहिल्यांदा चहा नाकारण्यापासून जेवणाच्या पंगतीतल्या 'पुरे पुरे'पर्यंत सगळं समजावलं. (डचमध्ये. सोबत हातवारे. कुंडी मध्येमध्ये आडवी यायची.) त्यांनी डोळे विस्फारून विचारलं, म्हणजे मूल जेव्हा नाही म्हणतं तेव्हा आम्ही पुन्हा विचारायला हवं? मी म्हटलं, अर्थात. त्यांनी खडू उचलून अर्धा राहिलेला गोल पुरा केला. मग म्हणाल्या की अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे आणि कुंडी परत घेतली जात नाही.

माझ्याविरुद्ध यास्पर नावाचे एक गृहस्थ उभे होते. सव्वासहा फूट, अंगात कायम तेच निळं जाकीट. त्यांनी शाळेच्या बातमीपत्रात तीन ओळींत तीन आश्वासनं दिली. माझं निवेदन मी अजून जुळवत होतो (त्यात कालवा होता, बगळा होता), तोवर वेळ संपली, आणि मार्लूसबाईंनी हाताशी होतं ते छापलं. म्हणजे माझं नकाराचं पत्र! उमेदवार श्रीहर्ष: माझ्यापेक्षा लायक पालक पुष्कळ आहेत, माझ्या हातून विशेष काही घडलेलं नाही. माझ्या हसऱ्या फोटोसकट.

त्या आठवड्यात मी कामाचं काहीच केलं नाही. खिडकीशी बसून कधी पराभव बघायचो, कधी विजय. विजयात झुइडासच्या दोन इमारतींमधून मिरवणूक निघालेली असायची, ट्राम थांबलेली, डच बायका नऊवारीत, गुलाल वाऱ्यावर चौदाव्या मजल्यापर्यंत गेलेला आणि माझी खुर्ची लाल झालेली. मध्येच साहेबांचा आवाज यायचा की श्रीहर्ष, तू म्यूटवर आहेस का. इथल्या चार मराठी घरांना मात्र काही सांगावं लागलं नाही. त्यांनी ते निवेदन वाचलं आणि शर्मिला देशमुखने ग्रुपवर लिहिलं, अगं, हा तर अगदी हट्टाने उभा आहे! चौघांनी मतं दिली. उरलेली कुठून आली ते मार्लूसबाईंनी नंतर सांगितलं. डच पालकांचं म्हणणं पडलं की इतकं खरं बोलणारा उमेदवार त्यांनी आजवर पाहिलेला नाही. अकरा मतांनी निवडून आलो. यास्परनी दीड मीटरांवरून कोपर पुढे करून अभिनंदन केलं आणि विचारलं की ते वाक्य आपण मुद्दाम लिहिलंत का. मी नम्रपणे नाही म्हणालो. तेही त्यांनी खरं मानलं.

इथपर्यंतचं मंडळात वाचून दाखवायला हरकत नाही.

प्रस्ताव गेल्या मंगळवारी मतदानाला होता. डचमध्ये साडेचार पानी भाषण मी तीन आठवडे घोकत होतो. मुलाने दुपारी घरी येणं, घरची भाषा, घरचं अन्न, असं सगळं त्यात होतं. सोमवारी जेवताना स्वानंदीने पहिला घास घेतला आणि मराठीत म्हणाली, "बाबा, मला शाळेत थांबायचंय जेवायला." मी आधी वाक्यच ऐकत राहिलो. एकही परका शब्द नाही, 'थांबायचंय'मधला स्वर आपल्या सांगलीचा. अर्थ मागून पोचला.

मग थोडं थोडं करत सगळं बाहेर आलं. दुपारी मुली दोरीच्या उड्या मारतात. गेल्या वर्षी त्यांनी तिला विचारलं होतं, ती नको म्हणाली. इथे एकदा नको म्हटलं की पुन्हा कोणी विचारत नाही, हे तिला वर्षभर त्यांच्याकडे लांबून बघून कळलं. मी विचारलं, मग नको का म्हणालीस गं? तर ती भातात बोट फिरवत म्हणाली, "तू एकटा जेवत नाहीस ना. मी त्यांना सांगितलं, माझ्या बाबाला एकट्याला जेवता येत नाही."

आत्या, मला वाटत होतं की मी तिच्यासाठी तो तास राखून ठेवलाय. ती माझ्यासाठी राखत होती. आणि मला मनातलं दुसऱ्याने ओळखावं असं आयुष्यभर वाटत आलं, पण वर्षभर समोर बसलेल्या पोरीचं नको मला ओळखता आलं नाही. मी तिला आणखी थोडं तूप वाढलं. ती पुरे म्हणाली. मी तरी वाढलं.

मंगळवारी मार्लूसबाईंनी माझं नाव घेतलं तेव्हा भाषण समोरच होतं. मी ते उलटं करून ठेवलं आणि 'हो' म्हणालो. दोन वर्षांत पहिल्यांदाच पहिल्या वेळेला. सगळ्यांना वाटलं माझं अजून बोलून व्हायचंय, म्हणून बाकीचे सगळे चौकोन बराच वेळ थांबून राहिले. मग माझ्या लक्षात आलं की पुढे काही नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलं. नवी वेळ जानेवारीपासून. स्वानंदी मात्र उद्यापासूनच थांबणार आहे. दोरी मीच आणून दिली, लाल मुठींची.

काळजी नसावी. गुडघ्याला जप, काकांना नमस्कार, आणि पेढे परत मागू नकोस.

तुझा,
श्रीहर्ष

ता. क. मेतकूट संपलं आहे. कोणी येणारं असेल तर पाव किलो पाठव. स्वानंदीला पावाला लावून हवंय म्हणे.

ता. क. दुसरा. पत्र मीनलने वाचलं. तिचं म्हणणं, अकरा मतांनी नव्हे, एकूण मतंच अकरा पडली होती, त्यातली सहा मला. मी तपासलं. तिचं बरोबर आहे. मंडळात तेवढं सांगू नकोस.

ता. क. तिसरा. खरं म्हणजे एवढ्याचसाठी पत्र लिहायला घेतलं होतं. उद्यापासून बारा दहाला मी ताट वाढून घेईन. तुझ्याकडे तेव्हा पावणेपाच होतात, तू चहा घेऊन गच्चीत बसतेस. तेव्हा फोन करत जाशील का? बोलायला विषय नसला तरी चालेल, वेलीला पाणी घाल, मी ऐकत जेवेन. पहिल्या दिवशीच मी म्हणेन की उगीच कशाला त्रास घेतेस, माझं इथे छान चाललंय, रोज नको करत जाऊ. तू करत राहा.