भाषण म्हणजे डाव्या हातचा मळ

१८ ऑक्टोबर, मंगळवार
माझ्या लेकीच्या, रेनाताच्या पंधराव्या वाढदिवसाला पंचवीस दिवस उरले. आमच्या रिवाजाप्रमाणे त्या सोहळ्यात बापाने लेकीला पहिले उंच टाचांचे बूट घालायचे, भाषण करायचं, मग तिच्याबरोबर नाचायचं. बावीस वर्षं टीव्हीवर तुचो नावाचा विनोदी प्लंबर रंगवतोय. भाषण म्हणजे डाव्या हातचा मळ.
रेनाताची अट एकच : पप्पा, कानात ते यंत्र नको, तुझं तू बोल.
आमच्या मालिकेत सगळेच नट यंत्र घालतात. आतल्या खोलीतून प्रॉम्प्टर चायोबाई त्यात वाक्य सांगतात, आपण म्हणायचं. मला गरज नाही. म्हातारीचं पोट चालावं म्हणून घालतो.

१९ ऑक्टोबर
संकल्प : रोज सहाला उठून भाषण लिहिणे.

२० ऑक्टोबर
नऊला उठलो. ‘मुली,’ एवढं लिहून झालं. सुरुवात दमदार आहे.

२ नोव्हेंबर
आज मृतांचा सण. आईच्या थडग्यावर झेंडू वाहिले. बायको, ग्रासिएला म्हणाली, आईशी दोन शब्द बोल की. मी म्हटलं, आई, सगळं ठीक. ती बघतच राहिली. आईला पाल्हाळ कधी आवडायचं नाही.

८ नोव्हेंबर
शूटिंगमध्ये यंत्राची बॅटरी गेली. मी मौन अभिनय केला. दिग्दर्शक ओरडला, खांबासारखा काय उभा राहिलायस! अडाणी माणूस.

११ नोव्हेंबर, रात्री
वहीत अजून ‘मुली,’च. चायोबाईंना सहज विचारलं, उद्या माझ्यामागे बसाल का? म्हणाल्या, अरे बाळा, लेकीशी बोलायला मी कशाला? मी तमालेस खायला येणार.

१३ नोव्हेंबर, रविवार
लिहू नये असं वाटतंय.
काल दोनशे माणसं होती. माइक घेतला. ‘मुली,’ म्हणालो. पुढे काही नाही. लोकांना वाटलं, तुचो सुरू झाला. मला जितका घाम फुटला तितके ते हसले. रेनाता हसत नव्हती.
चायोबाईंना राहवलं नाही. ताट ठेवून माझ्यामागे आल्या आणि हळूच म्हणाल्या, म्हण, तू जन्मलीस तेव्हा मी घाबरलो होतो. मी माइकमध्ये म्हटलं, ‘म्हण, तू जन्मलीस तेव्हा मी घाबरलो होतो.’ त्या कळवळून म्हणाल्या, गाढवा, ‘म्हण’ नको म्हणूस. तेही म्हटलं. हॉल कोसळायचा बाकी होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
मग वाल्त्झ. नाचताना रेनाता डोळे पुसत म्हणाली, आता तरी तुझं काहीतरी बोल ना, पप्पा. बँड इतका मोठा की चायोबाई ओरडल्या असत्या तरी ऐकू आलं नसतं. खूप विचार केला आणि विचारलं, ‘पाय दुखतायत का?’
हो म्हणाली. खाली पाहिलं. बूट मीच घातले होते, डावा उजव्यात, उजवा डाव्यात. तिथेच गुडघे टेकले आणि बदलले. तोल जाऊ नये म्हणून तिने माझ्या टकलावर हात ठेवला. नंतरही काढला नाही.
ग्रासिएला म्हणते, ते पायांचं वाक्य चांगलं होतं. म्हणजे बावीस वर्षांत स्वतःचे असे तीन शब्द. वेग जरा कमी आहे, मान्य.