बोटभर खाली

अण्णा, परवा हडपसरला एका गॅरेजमध्ये उभी होते. तुमच्या नातीने मोटारसायकल घेतली आहे, लांबच्या प्रवासाची, तुम्ही माझ्या ज्या गाडीला म्हैस म्हणायचात तशीच. उंचीने ती माझ्यावर गेली, त्यामुळे सीटवर बसली की तिचेही चवडेच टेकतात. गाडी थोडी खाली करून घ्यायची म्हणून तिने हा मिस्त्री शोधून काढला आणि सोबतीला मला नेलं. तो बोल्ट सैल करायला बसला तेव्हा ती त्याला म्हणाली, "दादा, नीट आवळा हं. आमच्या आजोबांनी एकदा आईची गाडी अशीच खाली केली होती. बोल्ट सैल राहिले आणि आई पडली. अजून तिचा घोटा दुखतो." मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. वीस वर्षं मी अशीच मान हलवत आले आहे, म्हणून तेव्हाही आपोआप हलली.

मी लग्न होऊन कसब्यात आले तेव्हा तुम्हांला निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. तीस वर्षं सायकलवरून हडपसरच्या कारखान्यात जाऊन तुम्ही यंत्रांचे सुटे भाग घासलेत, आणि घरी बसायची वेळ आली तेव्हा इमारतीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, एक लाकडी बाक टाकून तिथे दुसरी नोकरी सुरू केलीत. पेठेतल्या सायकली, स्कूटरी, शिवणयंत्रं, कुणाचा अडलेला नळ, सगळं त्या बाकावर यायचं. कुणाकडून काही घेत नव्हता, पण बोलणी मात्र फुकट मिळायची. "हे आधी कुणी खोललं होतं? त्यांना माझा नमस्कार सांगा." लोक हसायचे आणि पुन्हा यायचे. मी नवी सून, मला तुमची भीती वाटायची. मग लक्षात आलं की ज्या वस्तूची तुम्हांला काळजी वाटते तिच्याबद्दलच तुम्ही असं तिरकं बोलता. माणसांबद्दलही तसंच.

ऑफिसमधला एक सहकारी परदेशी चालला होता, त्याची मोटारसायकल मी घेतली तेव्हा घरात काय झालं ते तुम्ही पाहिलंच. मुलगी चार वर्षांची. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. तुमच्या चिरंजीवांनी एवढंच विचारलं, "पाय तरी पोचतात का?" नव्हते पोचत. माहेरी मी भावाची गाडी चालवायचे, पण ती लहान होती. ही थांबवायची म्हणजे आधी फुटपाथ शोधावा लागायचा. तुम्ही खाली आलात, गाडीभोवती एक फेरी मारलीत, मला बसायला लावलंत, माझ्या टाचेखाली फूटपट्टी उभी धरलीत आणि म्हणालात, "माणसाची उंची वाढवायचं औषध अजून निघालेलं नाही. गाडीची कमी करता येते. शनिवारी बघू."

तो शनिवार मला तासातासाने आठवतो. सकाळी तुम्ही मागची बाजू खाली आणलीत, स्वतः कापून घासलेल्या दोन लोखंडी पट्ट्या बसवून. मला म्हणालात, जा, शनिवारवाड्यापर्यंत चक्कर मारून ये. मी आले आणि म्हटलं, हँडल हलकं लागतंय, गाडी रुसल्यासारखी वळते. तुम्ही खूश झालात. "कळलं ना? मागून बसली आणि नाक वर राहिलं. नाक वर असलेलं कुणी सरळ चालत नाही. आता पुढूनही तेवढीच खाली घ्यायची." दुपारी इंजिनाखाली लाकडी ठोकळे, पुढचं चाक अधांतरी. मी तुमच्या शेजारी उकिडवी बसले आहे. तुम्ही दाखवताय: चाकाला धरणाऱ्या या दोन नळ्या, आणि नळ्यांना धरणाऱ्या या दोन पकडी, एक वर, एक खाली. पकडी सैल करायच्या, नळ्या त्यांच्यातून वर सरकवायच्या, नळ्या जेवढ्या वर तेवढं गाडीचं नाक खाली. बोटभर, जास्त नाही. दोन्ही बाजूंना सारखं, केसाचाही फरक नको. मग पकडी तात्पुरत्या आवळून, ठोकळे काढून आपण दोघांनी हँडलवर भार टाकून चाक आत दाबून पाहिलं, कुठे घासत नाही ना म्हणून. शेवटच्या आवळणीला पाना माझ्या हातात दिलात. "तुझी गाडी, तू आवळ. मी बघतो." मी आवळले, तुम्ही प्रत्येक बोल्टवर पुन्हा हात फिरवलात, आणि एकही तुम्हांला आणखी फिरवावा लागला नाही. "बरी आहेस," म्हणालात. तुमच्याकडून एवढं मिळालं म्हणजे पुष्कळ होतं.

दोन महिने मी ती गाडी चालवली. दोन्ही टाचा जमिनीला. दिवेघाटातून सासवडला जाऊन आले, एकदा भोरला. स्वारगेटच्या चौकात बसगाड्यांच्या मधे उभी राहताना पहिल्यांदा मला फुटपाथ शोधावा लागला नाही.

आता पुढचं लिहिते. रविवारी सकाळी स्वारगेटला आमचा आठ-दहा मोटारसायकलवाल्यांचा गट जमायचा, त्यात मी एकटी बाई. त्यांच्यात जागा मिळवायला मला कितीतरी रविवार लागले. कोकणात उतरायचं ठरलं तेव्हा त्यांचा जो म्होरक्या होता त्याने माझ्या गाडीकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि विचारलं, "ही अशी बसकी का झाली?" मी सांगितलं. "सासऱ्यांनी? पार्किंगमध्ये?" सगळे हसले. तो म्हणाला, "घाटात काही झालं तर आमची सगळ्यांची ट्रिप बोंबलणार. यायचं असेल तर कंपनीच्या मापाची गाडी आण." मी म्हणायला हवं होतं की ज्या माणसाने हे केलं त्याच्या नखाची सर तुमच्या गॅरेजवाल्यांना नाही. मी त्यांच्याबरोबर हसले, अण्णा. तुमच्यावर हसले.

तुम्ही साताऱ्याला वन्संकडे गेला होता तो शुक्रवार मी मुद्दाम निवडला. ऑफिसमधून लवकर निघून एका गॅरेजमध्ये सगळं पुन्हा होतं तसं करून घेतलं. त्याने तुमच्या पट्ट्या काढून माझ्या हातात दिल्या, कागदात गुंडाळून. शनिवारी पहाटे आम्ही निघालो. घाटात एका चहाच्या टपरीपाशी सगळे थांबले, उताराची बाजू, बारीक खडी. मी सवयीने डावा पाय टाकला. गेल्या दोन महिन्यांची सवय. खाली जमीन नव्हती. म्हणजे होती, पण उतारामुळे चार बोटं खाली. गाडी माझ्यासकट आडवी झाली आणि घोट्यातून जो आवाज आला तो मी अजून ऐकते. गाडी धड चालतसुद्धा नव्हती, उभी होती. मला जीपने आणलं, गाडी दुसऱ्या दिवशी टेंपोतून आली.

मी प्लास्टर घालून पलंगावर आहे. तुम्ही साताऱ्याहून तसेच पिशवीसकट आत येता. यांनी सकाळपासून चार वेळा विचारलंय, कशी पडलीस, उभ्या गाडीवरून कुणी पडतं का, आणि मी चार वेळा डोळे मिटून घेतलेत. तुम्ही विचारता, "पुढून गेली का गं? नळी सरकली असेल?" तुमच्या आवाजात तिरकेपणा अजिबात नाही. मला फक्त नाही म्हणायचं आहे. पण नाही म्हटलं की पुढचं सगळं सांगावं लागणार, तो शुक्रवार, ते हसणं, आणि कपाटात साड्यांखाली ठेवलेल्या त्या पट्ट्या. मी म्हणते, "हो. पुढून एकदम खचल्यासारखं झालं."

तुम्ही खाली गेलात. गाडी टेंपोतून उतरवून ठेवलेली होती. पाव तासाने वर आलात, मोरीत जाऊन हात धुतलेत, आणि पुसत पुसत म्हणालात, "चूक माझी आहे. बोल्ट मी आवळले होते. कमी पडले." बोल्ट मी आवळले होते, अण्णा, आणि ते तुम्ही तपासले होते. यांचा आवाज चढला. "आता वय झालं तुमचं. यापुढे कुणाच्याही गाडीला हात लावायचा नाही. उद्या एखाद्याचा जीव जाईल." सासूबाई म्हणाल्या, "तिला नादी लावलंत तुम्हीच." तुम्ही म्हणालात, "बरं." तुमचं नुसतं 'बरं', पुढेमागे काही न जोडलेलं, मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

बाक महिन्याभरात गेला. लोक सायकली घेऊन यायचे, तुम्ही जिन्यातूनच सांगायचात, "माझा हात राहिला नाही आता." पेठेत काय राहतं झाकून? अण्णांनी सुनेला पाडलं, हे वाण्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं. तुम्ही माझ्या पायाखाली घ्यायला घडवंची आणून दिलीत, रोज गरम पाण्याची पिशवी भरून द्यायचात, नातीला शाळेत पोचवायचात. उरलेली दुपार पेपर वाचण्यात जायची. तीच पानं पुन्हा पुन्हा. सहा वर्षं तुम्ही तसे बसलात. सांगेन, सांगेन म्हणत मी त्यातली प्रत्येक दिवाळी घालवली. आणि तुम्ही गेल्यावर मनाची समजूत घातली की आता कुणाला सांगून काय फरक पडणार आहे.

परवा त्या गॅरेजमध्ये नळ्या वर सरकल्या आणि मी सहज, म्हणजे सहज नाही, विचारलं, "समजा बोल्ट सैल राहिले, तर नळी परत पहिल्या जागी येते का हो?" मिस्त्री हसला. "ती कशी यील ताई? वरनं गाडीचं वजन हाय की. सुटली तर आणखी वरच जाणार. गाडी बसंल, उठायची न्हाई. पहिल्या जागी आणायची तर कुणीतरी बसून आणावी लागती." एवढं बोलून तो कामाला लागला. नात त्याच्याशी सीटबद्दल बोलत होती. मी बाजूला एका टायरवर बसले.

तीस वर्षं ज्याने सुटे भाग घासले त्याला हे कळायला पाव तास कशाला हवा, अण्णा? तुम्ही खाली गेलात आणि एका नजरेत तुम्हांला दिसलं असणार, नळ्या कंपनीच्या मापावर, मागच्या पट्ट्या गायब. पाव तास तुम्ही गाडी पाहत नव्हता. तुम्ही तिथे उभे राहून वर येऊन काय सांगायचं ते ठरवत होता. एकदा, गाडी विकून वर्ष झाल्यावर, फराळाच्या ताटावर तुम्ही मला विचारलं होतं, "गाडी मूळ मापावरच दिलीत का?" मी म्हटलं होतं, "काय की, ह्यांनीच विकली." तुम्ही चकली मोडलीत आणि म्हणालात, "मूळ मापावरच असणार." मला वाटलं, म्हातारपणी काहीतरी विचारताय. तुम्ही दार उघडून धरलं होतं, आणि मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसले.

इतकी वर्षं मी समजत होते की माझा अपराध एकच, तुम्हांला खोट्या चुकीचं ओझं वाहायला लावलं. ते ओझं खोटं आहे हे तुम्हांला ठाऊक होतं. मग तुम्हांला खरं काय लागलं असेल? लोकांचं बोलणं नाही, ते तुम्ही दोन वाक्यांत परतवलं असतंत. मी तुमचं काम उलटवलं, आणि तेही तुम्हांला न विचारता, तुम्ही गावाला गेल्यावर. मला ते नको होतं तर समोर सांगितलं असतं, तुम्ही एखादं झणझणीत वाक्य ऐकवून स्वतःच पाना घेऊन बसला असतात. तुम्हांला घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी त्या आठ-दहा जणांना घाबरले, ज्यांच्यापैकी एकही माझा पाय बघायला घरी आला नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? तुमच्या नातीला खरं सांगायचं म्हणून मी लिहायला बसले होते. शब्द जुळवून पाहावेत, मग तिला हाक मारावी, असं ठरवलं होतं. शनिवारी ती गाडी घेऊन निघतेय, त्याआधी तिला आजोबांबद्दल खरं कळायला हवं. पण कागदावर पहिलाच शब्द 'अण्णा' असा आला, कारण तुम्हांला सांगणं सोपं आहे, तुम्हांला ठाऊकच आहे. मघाशी ती आत डोकावली. "आई, एवढं काय लिहितेस?" मी कागदावर हात ठेवला आणि म्हटलं, किराण्याची यादी.