बाबा, तुम्ही सान जिमिन्यानोला गेलाच नव्हतात!

प्रिय बाबा,

हे पत्र दोन वर्षं उशिरा लिहितेय. कारण ऐकून हसाल: मी तुमच्यावर रुसले होते. गेलेल्या माणसावर कुणी रुसतं का? मी रुसले. परवा माझ्या लेकीनं, इरानं तो रुसवा अर्ध्या मिनिटात काढला, म्हणून आज ऑफिसला सुट्टी टाकून बसलेय.

सान जिमिन्यानो! पुण्याच्या आपल्या घरात कुठल्याही नातेवाइकापेक्षा हे नाव जास्त वेळा उच्चारलं गेलं असेल. आर्किटेक्चर कॉलेजात तुम्ही इतिहास शिकवायचात आणि रविवारी सकाळी दाढी करता करता सोमवारचं लेक्चर मोठ्यानं म्हणायचात. "चला, दक्षिणेच्या वेशीतून आत आलो. वर बघू नका, आधी पाय सांभाळा, चढ आहे. आता कमानीखालून चौकात. ही मधली विहीर. फरशी विटांची, तिरकी बसवलेली. हं, आता बघा वर!" मी दारात उभी राहून खरंच वर बघायचे. वर आपला पंखा असायचा.

रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवरचं ते डोंगरावरचं गाव. केशराच्या व्यापारात माणसं गब्बर झाली आणि शेजाऱ्याच्या नाकावर टिच्चून प्रत्येकानं आपला दगडी मनोरा उंच केला. शेवटी नगरसभेला नियम काढावा लागला, आमच्या मनोऱ्यापेक्षा उंच कुणी बांधायचं नाही. मग प्लेग आला, व्यापार बसला, गाव दरिद्री झालं. "आणि म्हणूनच वाचलं!" तुम्ही रेझर थांबवून म्हणायचात. "पाडून नवं बांधायला पैसा होता कुणाकडे? सत्तरच्या वर मनोरे होते म्हणतात, चौदा तरी उरले." आई गेल्यावर इथे सिंगापूरला, बेडोकला आमच्याकडे राहायला आलात, तरी सवय गेली नाही. खिडकीतून समोरचे सरकारी घरांचे ब्लॉक बघून म्हणालात, "इथं सगळ्यांचे मनोरे सरकारनं सारखेच उंच केले. भांडणच मिटलं!"

मग तुम्ही गेलात. इथं राहायचा पास परत करायचा, पासपोर्ट रद्द करायचा, म्हणून मी तुमचं कपाट उघडलं. जुना आणि नवा पासपोर्ट एकत्र स्टेपल केलेले. जुना म्हणजे तुमचा पहिलाच, इराच्या बारशाला यायचं म्हणून काढलेला! सगळे शिक्के सिंगापूरचे. इटलीचा एकही नाही.

काय वाटलं मला, कसं सांगू! शाळेत मी वर्गभर सांगून आले होते, माझे बाबा इटलीला जाऊन आलेत. निबंधातही लिहिलं होतं. तुम्ही तो वाचून खाली सही केली होतीत, बाबा! ऑनलाइन शोकसभेत तुमचे विद्यार्थी एकामागून एक म्हणाले, "सर आम्हाला तिथं घेऊन जायचे." मी मान खाली घालून बसले. वाटलं, बिचाऱ्यांना काय माहीत! तुम्ही हातानं काढलेला गावाचा नकाशा मी भिंतीवरून उतरवला आणि कपाटामागे सारला. बाप खोटं बोलायचा हे एकदा मनात बसलं की मागचं सगळंच डळमळायला लागतं. अजून काय काय खोटं सांगितलं असेल तुम्ही?

परवा इराला शाळेत बोलायचं होतं, एका जागेवर आणि एका माणसावर. तिनं तुमचं गाव आणि तुम्हाला निवडलं. मी फटकन म्हणाले, "दुसरा विषय घे. आजोबा तिथे कधी गेलेच नव्हते."

तिनं मोबाइलमधून मानसुद्धा वर केली नाही. "आय नो लाह. आजोबांनी सांगितलंय मला."

"कधी?"

"हॉकर सेंटरला, खाली खायला जायचो तेव्हा. कोपी पीत होते. मी विचारलं, आजोबा, द प्लेस नाइस ऑर नॉट? ते म्हणाले, मला काय माहीत, मी कुठं गेलोय!"

"मग वर्गात तसं का बोलायचे?"

"स्लाइड्ससाठी अंधार केला की स्टुडंट्स झोपायचे. सो ही मेड देम वॉक. चालणारा माणूस झोपत नाही म्हणाले. पहिल्याच दिवशी सांगायचे क्लासला, मी गेलेलो नाही, आपण बरोबरच जाऊ." मग म्हणाली, "तुला सांगायचं राहिलं म्हणाले. तू स्मॉल होतीस, सगळ्यांना सांगून आलीस, सो हॅपी. मग हाऊ टु से?"

मी हसतच सुटले. हसता हसता रडू फुटलं. हुश्श झालं हो, बाबा! दोन वर्षं छातीवर धोंड घेऊन फिरत होते. तुम्ही खोटारडे नव्हतात! विद्यार्थ्यांना माहीत होतं, नातीला माहीत होतं. तिनं तुम्हाला विचारलं. मी तुमचे शिक्के तपासले.

पण थोडी भांडणारच. सांगायचं राहिलं म्हणे! पस्तीस वर्षं? निबंधाखाली सही करताना पेन अडलं नाही का? की अडलं होतं, आणि समोर माझा चेहरा दिसला?

नकाशा पुन्हा भिंतीवर लागलाय. इरा हॉलमधून किचनकडे चालत सराव करते आणि फ्रिजपाशी आली की मला वर बघायला लावते.

आता वचन. इटलीची तिकिटं काढते असं नाही म्हणणार. तुम्हीही गेला नव्हतात, काही अडलं का? माझं वचन घरातलंच आहे. मी दहावीला शाळेत पहिली आले होते, असं इराला वाटतं. कुणी सांगितलं देव जाणे, पण मी कधी खोडून काढलं नाही. गणितात मार्क कमी पडले की ती हळूच म्हणते, "सॉरी ममी, मी तुझ्यासारखी नाही." आणि मी गप्प बसते.

आज ती शाळेतून आली की दप्तर खाली ठेवायच्या आत सांगणार आहे: गणितात मी काठावर पास झाले होते.

तुमची,
मीनू