फळ्यावरचा अभंग

प्रिय मामा,

चष्म्याच्या डब्यात चिठ्ठी बघून तू आधी डबा झटकशील, कारण मागच्या वेळी त्यात मी झुरळ ठेवलं होतं. या वेळी काही नाही, रबराचंही नाही. शिट्टीकाकांच्या बायकोच्या हाताबद्दल लिहायचंय. तोंडाने सांगायला गेलो तर तू मधेच एखादा अभंग काढशील आणि मला सटकायला बरं होईल. म्हणून लिहितोय. चहाच्या आधी वाच.

आपल्या कारखान्यात पत्र्याच्या पेट्या बनतात, पण खरा माल फळ्यावर असतो, असं सगळे म्हणतात. रोज पाळी सुरू व्हायच्या आधी तू चार ओळी लिहिणार आणि कमरेवर हात ठेवून अर्थ सांगणार. संत बिचारे देवाची वाट बघत बसलेले, त्यातून तू काढणार की कामावर वेळेत या. संत म्हणणार मन निर्मळ ठेवा, तू म्हणणार संडासाची कडी कोणी मोडली ते पुढे या. मी मागे उभा राहून तुझी नक्कल करायचो, पोरं तोंडात रुमाल कोंबून हसायची. पण खोटं कशाला बोलू, त्या दोन वेल्डरांचं वर्षभराचं भांडण तू एका अभंगावर मिटवलंस, त्या दिवशी मीही नक्कल केली नव्हती.

तीन महिन्यांपूर्वी माझी दाढ ठणकत होती. अर्धा दिवस सुट्टी मागितली तर तू सगळ्यांसमोर म्हणालास, सोसायला शीक जरा, संतांनी काय काय सोसलं. डोकंच फिरलं माझं. दुसऱ्या दिवशी तुझ्याआधी आलो, तुझ्यासारखं वळणदार अक्षर काढलं आणि फळ्यावर लिहिलं:

दुखते तयाचे करू नये गाणे
झाकून ठेवणे देवापाशी

माझं आहे ते, मामा. पायरीवर बसून, गाल धरून जुळवलेलं. मला वाटलं, तू विचारशील हा कुठला अभंग, कोणी लिहिला, आणि मग मी सगळ्यांसमोर तुझी जिरवीन. तू फळ्याकडे बघितलंस, कान खाजवलास. चाळीस माणसं तुझ्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणालास, वा, फार जुना अभंग, आमचे वडील रोज म्हणायचे. अरे, आजोबांना मी पण ओळखायचो. ते रोज फक्त शिव्या म्हणायचे. पण तू सुरू झालास ते थांबेचनास. दुखणं बोलून दाखवणारा दुसऱ्यावर ओझं टाकतो, गप्प सोसणारा देवाचा लाडका. इतकं छान बोललास की मीच हसायचं विसरलो.

शिट्टीकाका पहिल्या रांगेत होते. त्यानंतर सात-आठ दिवसांनी बघितलं, पत्रा दाबायच्या प्रेसवर उभे असताना त्यांची नेहमीची शिट्टी बंद. डावा हात सारखा छातीशी. मी म्हटलं, काका, डॉक्टरकडे जाऊन या, मी बघतो मशीन. तर डोळा मारून म्हणाले, तुझ्या मामाने काय शिकवलंय, करू नये गाणे! तेव्हा सांगायचं होतं मला. एवढं एकच वाक्य होतं, काका तो अभंग माझा आहे. नाही सांगितलं. तुझी जिरवायला अजून चांगला मोका येईल असं वाटत होतं. दोन दिवसांनी ते चहाच्या सुट्टीच्या आधी प्रेसशेजारी खाली बसले आणि उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाला, आठवडाभर आधी का नाही आणलं. तू माझ्याकडे बघितलंस का तेव्हा? मला वाटलं बघितलंस. मी खाली बघत होतो.

शोकसभेत तू तोच अभंग म्हटलास. काकूंनी तो मुलीकडून कागदावर लिहून घेतला आणि काकांच्या फोटोच्या काचेत सरकवला. आपल्याकडे पॅकिंगला बसतात तेव्हाही तोच पुटपुटत असतात. पोरांनी आता मागे हसणं सोडलंय. मी नक्कल पण सोडली, कोणी विचारलंही नाही का ते.

गेल्या गुरुवारी पत्र्याची कड त्यांच्या तळहातात घुसली. तुला माहीत नाही, कारण त्यांनी चिंधी बांधली आणि पदराखाली हात घेतला. काल त्यांची मुलगी माझ्याकडे रडत आली. कोपरापर्यंत हात सुजलाय, मनगटापासून वर लाल रेघ गेलीय, अंग तापलंय. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतात, ह्यांनी छातीतलं सोसलं, मी हातातलं सोसणार नाही का. मी गेलो त्यांच्या घरी. दारातच सगळं सांगितलं, दाढेपासून. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, मेल्या, माझा माणूस गेला तरी तुझ्या मस्कऱ्या सुटत नाहीत का? आणि दार लावलं. मी शपथा घेतल्या. आतून मुलगी म्हणाली, आई तुझं कधीच खरं मानणार नाही, तू सगळ्यांच्या डब्यात बेडूक घालणारा.

म्हणून हे पत्र. माझं कोणी ऐकणार नाही, तुझं ऐकतील. फळ्याकडे जाऊ नकोस आज, आधी त्यांच्या घरी जा. वहिनी, तो अभंग कुठल्याच संताचा नाही, माझ्या भाच्याचा आहे आणि मला तो माहीत नव्हता, असं सांग. दुसरा अर्धा भाग गिळू नकोस, मामा. नुसतं माझं नाव घेतलंस तर त्यांना वाटेल मला वाचवायला नाहीतर मला शिक्षा करायला बोलतोयस. तू चाळीस जणांसमोर खोटं बोललास हे तूच सांगितलंस तरच त्या हात बाहेर काढतील. मी रिक्षा घेऊन त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभा आहे. लाज वाटेल तुला, खूप वाटेल. पण लाजेने माणूस मरत नाही. मी तीन महिने करून बघितलंय.

तुझाच,
दाढवाला भाचा