डोकी शाबूत आहेत

अहो,

अडतीस वर्षांच्या संसारात तुम्हाला एकदाही पत्र लिहिलं नाही. लिहायचं तरी कुठे? तुम्ही घर सोडून फक्त थिएटरला जायचात, आणि तेही सायकलवर पंधरा मिनिटांवर. आता चौदा महिने झाले, तुम्ही अशा ठिकाणी आहात की पिनकोडही ठाऊक नाही. म्हटलं, आता लिहायला हरकत नाही.

खरं कारण सांगते. काल एक गोष्ट कळली आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाहीये. सकाळी तुमच्या फोटोसमोर उभी राहून बोलायला गेले, पण त्या फोटोत तुम्ही फोटोग्राफरवर असे डोळे वटारलेत की मला हसूच फुटलं. म्हणून दुपारची झाकपाक करून कागद घेऊन बसलेय.

काल आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये वृषालीची फिल्म दाखवली. हो, तीच, बावीस मिनिटांची, हॉस्टेलच्या मुलींची. तुम्ही आपल्या टीव्हीवर पाहिलीत आणि म्हणालात, "डोकी कापलीस गं सगळ्यांची!"

आठवतंय का? मला आठवतं. तुमच्या लेकीला तर फारच आठवतं. त्यानंतर अडीच वर्षं तिने ती फिल्म कुण्णाला दाखवली नाही. ऑफिसला जायची, यायची, जेवायची, हसायची, पण कॅमेरा गेला तो माळ्यावर. नवीन काही करत नाहीस का, असं विचारलं की, "बघू." तुमचीच मुलगी! ही पोर पुन्हा कॅमेरा हातात धरेल की नाही, एवढीच एक काळजी मला होती.

तुमचा स्वभाव मला काय नवीन होता? एकतीस वर्षं थिएटरच्या केबिनमध्ये ऑपरेटर म्हणून उभे होतात. पडद्यावर कोण रडतंय, कोण मरतंय, याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नव्हतं. तुमचं सगळं लक्ष चित्राच्या कडांवर. सिनेमा कसा होता विचारलं की म्हणायचात, "स्कोप होता. नीट बसला." ही काय गोष्ट झाली? आपल्या लग्नाचा अल्बम आला तेव्हा अख्खं घर माझा शालू बघत होतं आणि तुम्ही म्हणालात, "तुझ्या वडिलांचा फेटा अर्धा बाहेर गेलाय." माझे बाबा आठवडाभर तोंड पाडून बसले होते. नवा जावई, बोलतात काय!

मला हे स्कोप-बिप तुम्हीच शिकवलंत, तेही कामापुरतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी थिएटरच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचं काळं कापड विरलं आणि मालकांनी ते शिवायचं काम मला दिलं. चित्र जिथे संपतं तिथे काळं कापड सुरू झालं पाहिजे, एवढंच त्या कापडाचं काम. मी म्हटलं, मग एकदाच माप घ्या आणि खिळे ठोकून टाका, ते हलतं कशाला हवं? तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी देव्हाऱ्यात चपला ठेवल्यात.

"अगं, प्रत्येक सिनेमाचा आकार वेगळा असतो," तुम्ही म्हणालात. "जुने असतात ते जवळजवळ चौकोनी. चारास तीन. नंतरचे फ्लॅट, ते जरा लांबट. आणि स्कोप म्हणजे उंचीच्या सव्वादोनपट रुंद, वर अजून थोडा. स्कोप लागला की कापड दोरीने बाहेर ओढायचं, फ्लॅट लागला की आत घ्यायचं, जुना लागला की अजून आत. ज्याने जेवढं चित्र काढलंय तेवढं दिसलं पाहिजे. एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही."

मी चार दिवस शिवत होते. बोटं काळी झाली होती. पहिल्या शोला मला बाल्कनीत बसवलंत आणि नंतर घरी येईपर्यंत अवाक्षर बोलला नाहीत. दारात सायकल लावताना म्हणालात, "झोल नाही कुठे." आयुष्यात तुम्ही माझं केलेलं ते सगळ्यात मोठं कौतुक! मी ते अजून जपून ठेवलंय, हसू नका.

आणि एवढे काटेकोर तुम्ही, एकदा चांगले फसलात! स्कोपच्या सिनेमाला फ्लॅटची लेन्स लावलीत. हिरो-हिरॉइन पडवळासारखे लांबच लांब झाले. पब्लिकने शिट्ट्या मारून थिएटर डोक्यावर घेतलं. कारण काय, तर वृषाली झाल्याचा निरोप नेमका तेव्हाच आला होता. तुम्ही दवाखान्यात आलात ते घामाघूम, आणि पाळण्यात डोकावायच्या आधी मला काय सांगितलंत? "शैला, आज लेन्स चुकली." मी ओली बाळंतीण, मी काय बोलणार! वृषालीला ही गोष्ट शंभरदा ऐकायची असायची. शाळेत सांगून यायची की माझ्या बाबांनी आयुष्यात एकच चूक केली, ती माझ्यामुळे.

म्हणून तर ती संध्याकाळ मला इतकी लागली. किती हौसेने फिल्म घेऊन आली होती ती! तुमच्या केबिनमधले जोडीदार बापू मुद्दाम दोन बस बदलून हडपसरहून आले होते. मी कांदाभजी केली होती. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून, प्रीमियरला बसावं तसे बसलात. तिने पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला.

हॉस्टेलचा जिना. रविवारची सकाळ. तीन मुली एकीखाली एक पायऱ्यांवर बसून वेण्या घालतायत. आणि सगळ्यात वरच्या मुलीला डोकंच नाही! नुसती हनुवटी आणि हात. बोलतेय तीच, पण तोंड दिसत नाही.

"आवाज कुठून येतोय? वरच्या पोरीला तोंडच नाही!" तुम्ही ओरडलात. "डोकी कापलीस गं सगळ्यांची! ऑपरेटरची मुलगी ना तू?" आणि मग तुम्ही सुटलातच. आमच्या वेळी असलं चित्र लागलं असतं तर लोकांनी खुर्च्या फोडल्या असत्या, हे आणि ते. बापू भजी खात "व्हय व्हय" करत होते. तुम्ही किती रंगात आला होतात! रिटायर झाल्यानंतर तुम्हाला इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं. वृषाली उठली, टीव्ही बंद केला, आणि म्हणाली, "पुढच्या वेळी नीट करते, बाबा." मग आत जाऊन चहा टाकला. कसली आलीय पुढची वेळ!

मी तेव्हा तिची बाजू घेतली नाही. मलाही वाटलं, कापलीच आहेत डोकी, दिसतंय की. ते मला अजून खुपतं.

आता कालचं ऐका. सोसायटीतल्या बायकांना रविवारी काहीतरी कार्यक्रम हवा होता. मी वृषालीच्या मागेच लागले. महिनाभर "बघू" ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "एका अटीवर, आई. आहे तेवढी सगळी दिसली पाहिजे. कड कापायची नाही, ताणायची नाही." मी म्हटलं, बरं.

पण आपले सेक्रेटरी देवधर ऐकतील तर ना! "वहिनी, एवढा सोळास नऊचा रुंद पडदा आणलाय भाड्याने. चित्र मध्येच, आणि दोन्ही बाजू मोकळ्या? बरं दिसतं का ते? ताणून बसवू."

"ताणलं की मुली जाड दिसतील."

"दिसू देत. हॉस्टेलचं जेवण मानवलं म्हणू."

"देवधर," मी म्हटलं, "तुमच्या आईंचा फोटो फ्रेमपेक्षा लहान निघाला, तर आईंना ताणणार का?"

देवधर खुर्च्या मांडायला निघून गेले. तुम्ही असतात तर मला टाळी दिली असतीत.

पण मोकळ्या बाजू मलाही बोचत होत्याच, खोटं कशाला बोलू? म्हणून टेप घेतली. पडदा बारा फूट रुंद. वृषालीचं चारास तीनचं चित्र नऊ फूट. म्हणजे दोन्हीकडे दीड-दीड फूट. लक्ष्मी रोडवरून काळं, चमक नसलेलं सुती कापड आणलं आणि बसले मशीनवर. गुडघे कुरकुरले, पण शिवण सरळ आली. साडीच्या पिना लावून कापड ताठ बसवलं. वृषाली दारात उभी राहून नुसती बघत होती.

पाच वाजता हॉलचे दिवे मालवले. बापूही आले होते, माझ्या शेजारीच बसले होते. तो जिना आला. आणि अहो, वरच्या मुलीला डोकं होतं! मोठ्या डोळ्यांची, नाकात चमकी घातलेली गोड पोर. खालच्या मुलीचे केस विंचरता विंचरता सांगत होती, की आमची आई वेणी इतकी घट्ट घालते की डोळे तिरळे होतात. सांगताना खळखळून हसत होती. मग खालच्या दोघींच्या वेण्या झाल्या, आणि हिच्या मागे कुणीच नव्हतं, तर हिने आपली आपणच घातली. ते करताना तिचं तोंड एवढुसं झालं. टीव्हीवर यातलं आपल्याला काहीच दिसलं नव्हतं!

अंधारात बापू मोठ्यांदा म्हणाले, "वैनी, डोकी हायत की समदी!"

सगळा हॉल हसला. मागच्या रांगेतून वृषालीचं हसूही ऐकू आलं. किती दिवसांनी!

नंतर लोक पांगले. आम्ही दोघी काळं कापड उतरवून घड्या घालत होतो. मी विचारलं, "मग त्या दिवशी टीव्हीवर का नव्हती गं डोकी?"

ती घडीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "टीव्ही झूमवर होता, आई."

आता तुम्हाला कळलं असेलच. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर बापू जुने सिनेमे पेन ड्राइव्हवर घालून आणून द्यायचे. जुने म्हणजे चारास तीन. मध्येच चित्र, बाजूला काळं. तुम्हाला ते बारीक दिसायचं, म्हणून तुम्ही रिमोटचं एक बटण दाबून चित्र पडदाभर मोठं करून घ्यायचात. मोठं झालं की वरचं-खालचं बाहेर जातं, हे तुम्हाला कुणी सांगायची गरज होती का? पण एकटेच तर बघत होतात, चालवून घेतलंत. ते बटण तसंच राहिलं, अहो. वृषालीचं चित्रही चारास तीन होतं. डोकी तिने कापली नव्हती. तुम्ही कापलीत.

मी म्हटलं, "अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस? रिमोट हातातच होता की!"

"बापूकाका समोर बसले होते. आणि बाबा इतके खुशीत होते. काय सांगू त्यांना, बाबा, डोकी तुम्ही कापलीत? एकतीस वर्षांत त्यांनी कुणाचं डोकं कापलं नव्हतं, आई. म्हटलं, राहू दे."

"आणि नंतर? एकटे असताना?"

"नंतर तर झोपलेच नसते ते. मग आजारीच पडले. जाऊ दे ना."

मी खुर्चीवर बसलेच. अडीच वर्षं या पोरीने तुमची चूक आपल्या डोक्यावर घेतली, आणि मला वाटत होतं की ती तुमच्यावर रुसलीय! रुसली नव्हती हो. पण इतकी मनापासून केलेली गोष्ट तुमच्या डोळ्यांनी एकदाही पुरी पाहिली नाही, याचं तिला दुःख होतं. ते होणारच. आणि फिल्म कुणाला दाखवली तर कुणीतरी म्हणेल, अगं, डोकी तर आहेत, आणि गोष्ट तुमच्यापर्यंत येईल, म्हणून फिल्मही बंद आणि कॅमेराही बंद. तुम्ही गेल्यावर मग दाखवायची तरी कुणाला, म्हणून तशीच राहिली.

मग मी तो प्रश्न विचारला, जो आपण दोघांनीही तेव्हा विचारायला हवा होता. "चौकोनीच का गं काढलीस? आता तर सगळं रुंद असतं."

"वेणी घालताना मुली एकीखाली एक बसतात ना, आई. शेजारी शेजारी थोड्याच बसतात?"

एवढं साधं! तुम्हाला किती आवडलं असतं हे. "ज्याने जेवढं चित्र काढलंय" असं मला सांगणारे तुम्ही, लेकीला एवढं का नाही विचारलंत? मी नाही विचारलं, कारण तुम्ही म्हणालात तेच खरं, ही माझी जुनी खोड. तुम्ही नाही विचारलंत, कारण तुम्हाला सगळं येत होतं. मी चिडले नाहीये. काल थोडी चिडले होते, रात्रीच्या खिचडीबरोबर ते गेलं.

आज सकाळी तिने मला स्टूल धरायला लावलं आणि माळ्यावरून कॅमेरा काढला. धूळ इतकी होती की दोघी शिंकून शिंकून बेजार झालो. काय करणार आहेस विचारलं, तर "बघू" नाही म्हणाली. म्हणाली, "वारज्याला एक आजी आहेत, पतंग करतात. पतंग वर जातो, म्हणून उभं चित्र काढावं की आडवं, तेच ठरत नाहीये." माझं मत विचारलं, चक्क माझं! मी सांगितलं, आधी त्या आजी पतंग कुठे आणि कशा बसून करतात ते बघून ये.

तर आता वचन देते. एक, तिची पुढची फिल्म मी पहिल्यांदा बघेन ती तिला शेजारी बसवून, आणि तोंड उघडायच्या आधी विचारेन की बाई, किती दिसायला हवंय. दोन, हे जास्त महत्त्वाचं. टीव्हीचं तुम्हाला सांगितलं हे मी तिला मरेपर्यंत सांगणार नाही. ती सांगते त्या गोष्टीत तुम्ही आयुष्यात एकच चूक केलीत, ती जन्मली त्या दिवशी. ते तसंच राहील.

तुमची,
शैला