गाडीतला फोन आणि मंजू

रविवार, संध्याकाळ. १९९९.

माझ्या लेकीला, मंजूला, बघायला आलेल्या पाहुण्यांना बारामतीला सोडायला निघालो. पिंपळीजवळ रेंज आली आणि गाडीत बसवलेला स्पीकरचा फोन वाजला. बटण दाबून घेतला. घरून बायको. तिला वाटलं, मी एकटाच ऐकतोय.

"अहो, पाहुण्यांना शब्द देऊ नगा. मंजू न्हाय म्हणती. तिला शिकायचं हाय. तुमच्या भीतीनं गप बसली."

स्पीकरवरून सगळ्या गाडीला ऐकू गेलं. बंद करायचं बटण हाताशीच होतं. मी दाबलं नाही. गोंधळलो म्हणावं, तर गिअर बरोबर टाकला की! मग का नाही दाबलं?

मुलाचे वडील, तात्या, मागच्या सीटवरून पुढं वाकले. आरशाजवळच्या हरभऱ्याएवढ्या माइकसमोर टोपी सारखी करून म्हणाले, "वहिनी, बरं झालं बोललात. लेकीला म्हणावं, शीक. आमचा राग न्हाय."

 मग स्पीकरमधून मंजूच बोलली. म्हणजे आईशेजारीच उभी होती.

"आप्पा, सावकाश या."

दिवसभरात माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य.

घरी आलो. मंजूनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि पुन्हा खाली मान घालून गप्प उभी राहिली. इथं कुठलं बटण दाबायचं?