आसारामदाजींचा दहावा अन् माझं तोंड

चौसाळा,
दसऱ्यानंतरचा सोमवार

चि. अंगदला मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुमी सगळे खुशाल असाल. अक्काचे गुडघे काय म्हणतात? म्हैस व्याली का? (तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस म्हणून पोस्टाचं तिकीट लावावं लागलं. पोस्टातल्या बाईनं विचारलं, कुणी वारलं का.)

पत्राला कारण म्हणजे, तुझ्या बापाच्या दहाव्याला दीड वरीस झालं, अन् तवापासून अक्का, माझी सख्खी बहीण, माझ्याशी बोलत न्हाई. मी भाषणात हासलो अन् डोळे मारले, असं तिचं म्हणणं हाय. खरं काय झालतं ते मी तवा सांगू शकलो न्हाई, कारण तोंडच चालत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी चूळ भरली तर पाणी डावीकडून आपोआप गळालं. चहाचंही तेच, इस्तरीचा पांढरा सदरा वाया गेला. तुझी मामी सत्यशीला म्हणाली, तोंड वाकडं दिसतंय, आधी बीडला डॉक्टरकडं चला. मी म्हणलं, तीस वर्षांत तुला माझं तोंड कधी सरळ दिसलंय? रातभर कूलरपुढं झोपलो, गाल आखडला असंल, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे तुमच्या गावात, युसूफ वडगावला, माइक वाट बघत होता. मी पंचायत समितीला दोनदा पडलेला माणूस. आपल्याकडं पडलेल्या माणसाला लोक फक्त दहाव्यालाच भाषण करू देतात.

उभा राहिलो. दाजी देवमाणूस होते, असं म्हणलं अन् पापणी लवली. पण डावा डोळा मिटतच नव्हता, मिटला तो एकटा उजवा. म्हणलं, दाजींनी जन्मात कुणाचा बांध कोरला न्हाई. परत उजवा मिटला. समोर तुमचा शेताशेजारी तानाजी बसलेला, तो मान खाली घालून खांदे हालवायला लागला. मला वाटलं रडतोय, म्हणून मी आणखी रंगात आलो. दाजी दारूला शिवले न्हाईत (उजवा डोळा). कुणाला वाईट बोलले न्हाईत (परत उजवा). डावीकडून पाण्याची धार, अन् उजवीकडं ओठ पार कानाकडं गेलेला. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. अक्का तेवढी माझ्याकडं टक लावून बघत होती. मग उठली, माझ्याजवळ येऊन म्हणाली, "माझ्या दारात परत येऊ नको." ती गेली तरी मी बोलतच होतो.

पुढं लकव्याच्या लाजंनं पंधरा दिवस तोंडाला उपरणं गुंडाळून घरात बसलो. एकाचा लेप झाला, दुसऱ्याचं तेल झालं. शेवटी बीडचा डॉक्टर म्हणाला, पहिल्या दोन-तीन दिवसांतच यायला पाहिजे होतं. आता तोंड बारा आणे सरळ झालंय, चहा अजून थोडा गळतो. त्याचं काही न्हाई. पण मागच्या भाऊबीजेला साडी घेऊन तुमच्या फाट्यापर्यंत आलतो अन् तसाच माघारी गेलतो. लई वाईट वाटतं रे. त्या सकाळी सत्यशीलाचं ऐकायला पाहिजे होतं.

बाकी सगळं ठीक. हे पत्र अक्काला वाचून दाखव. आजारानं झालं, मामानं केलं न्हाई, हे तिला कळू दे.

तुझा मामा,
उत्तरेश्वर

ता. क. पुरावा म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडली हाय.

आणखी ता. क. ती झेरॉक्स पाकिटातून परत काढून घेतली. डॉक्टरनं तवाच सांगितलं होतं, आजारी बाजू हालतच न्हाई, जे हालतं ते चांगल्या बाजूचं. डोळ्याचं माझ्या हातात नव्हतं, देवाशपथ. पण हासू उजवीकडं होतं, अन् उजवी बाजू ठणठणीत होती. अंगद, समोर एवढी माणसं बसली होती, माइक झ्याक होता, अन् मला बरं वाटत होतं. दाजी गेलेत हे मी तेवढ्या वेळात विसरलो होतो. अक्कानं बरोबर बघितलं. वरचं सगळं राहू दे, तिला एवढंच वाचून दाखव. अन् मग विचार, भाऊबीजेला येऊ का.